सहाव्या रिळातले नऊ सेकंद

हो, कापलंय. मीच कापलंय — नाही कोण म्हणतंय? एकतीस ठिकाणी जोड आहेत म्हणता ना, बरोबर मोजलेत, एकतीसच. नुसतं बोट फिरवून कळलं तुम्हाला? चांगलं शिकवलंय हो तुमच्या त्या फिल्मच्या भांडारात. बसा, इसोगाई-सान, त्या स्टुलावर बसा, एक पाय आखूड आहे त्याचा, तेवढं सांभाळा. तोक्योहून एवढ्या लांब आमच्या कामोसाकीला आलात, सकाळपासून ह्या प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये वाकून वाकून सहाच्या सहा रिळं मोजलीत — मान अवघडली असेल. चहा सांगू? सातोए! अगं, दोन चहा — नको? बरं. राहू दे गं! नको म्हणतायत! ... माझी बायको. खाली तिकिटाच्या खिडकीत बसते. पब्लिक असो नसो, बसते. कान मात्र भलते तिखट आहेत तिचे, तेव्हा आपण जरा हळूच बोलू. गाडी तीनला येणार ना तुमची? मग आहे की वेळ.

तर जोड. सांगतो ना, त्यात लपवायचं काय? हा पिच्चर — ‘पाठमोरी माणसं’ — इथेच काढला, ह्याच गावात, शोवा पन्नासच्या, म्हणजे पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात. नटनट्या सगळ्या मिळून चार. बाकी अख्खं गाव. गोष्टच तशी आहे ना — म्हातारा न्हावी, गेम्पाची, त्याचं हळूहळू सगळं पुसत चाललंय. माणसांची नावं गेली, चेहरे गेले, बायको मरून तीन वर्षं झाली तेही गेलं, रोज तिच्यासाठी वाटी मांडतो. पण एकदा का खुर्चीतल्या माणसाच्या गळ्यात फडकं बांधलं आणि डोक्यावर हात ठेवला, की ओळखतो! ‘हे तर तानेकिचीच्या धाकट्याचं डोकं, मागे खड्डा आहे, लहानपणी बोटीवरून पडला होता.’ मग गाव काय करतं? रोज एक माणूस पाठवतं. केस वाढलेले असोत नसोत. म्हाताऱ्याला आठवावं म्हणून लोक आपली डोकी घेऊन जातात. मी शंभर वेळा दाखवला असेल हा पिच्चर, दोनशे वेळा — तरी त्या मासेवाल्या टकलूला म्हातारा म्हणतो ना, ‘तुझं काय कापू रे बाबा, बस नुसता, मी हात ठेवतो’ — तिथे मला अजून रडू येतं. तुम्हाला नाही आलं? आलं. आलं, दिसतंय.

तर ती सगळी डोकी आमच्या गावाची. पाठमोरी, पण समोर आरसा आहे ना — चेहरे आरशात. आणि पुढच्याच हिवाळ्यात उनोसावांची बोट बुडाली. त्यांचा थोरला, एइसाकु, सव्वीस वर्षांचा. मयताला फोटो नको का लावायला? घरात एकच, शाळेतला, त्यातही डोळे मिटलेले. त्याची आई ह्या जिन्याने वर आली, पांढरं फडकं घेऊन, घडी घातलेलं. म्हणाली, ‘कुरामोची-सान, तुमच्या त्या पट्टीत माझा एइसाकु हसतोय. तेवढा द्या.’ काय करणार होतात तुम्ही माझ्या जागी? मालकाची पट्टी आहे, कंपनीची आहे, हात लावायचा नसतो — सगळं ठाऊक होतं मला. दोन चौकटी कापल्या. फोटोवाल्याने मोठ्या करून दिल्या. पडद्यावर कुणाला कळलंसुद्धा नाही, डोळा लवतो तेवढंही नाही. मग गावाला ते ठाऊकच झालं. कुणी गेलं की घरचं माणूस फडकं घेऊन वर यायचं. दोन चौकटी. कधी तीन नाही. जा तुम्ही ह्या उतारावरच्या घरांत, कुणाच्याही देव्हाऱ्यात बघा, उदबत्तीमागे आमच्या पिच्चरमधला माणूस बसलेला असतो, गळ्यात न्हाव्याचं फडकं. हसू नका — नाही, हसा, आम्हीही हसतो. कंपनी बुडाली, पट्टी न्यायला कुणी आलंच नाही, आणि दर ऑगस्टला, ओबोनला, मेलेली माणसं घरी येतात तेव्हा मी हाच पिच्चर लावतो. पोरंसोरं ओरडतात — तो बघ आमचा आजा! बाकीच्या सगळ्या प्रती कुठे कुठे जाळल्या, पुरात गेल्या, ते तुम्हीच सांगितलंत. म्हणजे जगात ही एकच. न्या की. तुमच्या थंड कपाटात ठेवा, साफ करा, नवी काढा. जोड लावणारा हा म्हातारा अडाणी होता असं लिहा त्या कागदावर. माझी हरकत नाही. झालं?

नाही झालं. बघताय कशा त्या मोजायच्या टेपकडे. सव्वापाच मीटर कमी भरतंय म्हणता. एकतीस जोड, प्रत्येकी दोन चौकटी, म्हणजे एक मीटर आणि वर वीतभर. बाकीचे चार मीटर कुठे?

... असेल हो कंपनीच्या कागदात चूक. तेव्हाचे कारकून काय, संध्याकाळी पाच वाजले की साकेच्या दुकानात. पट्टी आकसतेही. जुनी झाली की आकसते, तुम्हाला मी काय सांगायचं. — एवढी नाही आकसत? नाही आकसत. बरं.

आणि ती पटकथा कुठून मिळाली तुम्हाला? दिग्दर्शकाच्या मुलीकडून. अच्छा. लिहिलंय त्यात शेवटी? वाचू नका! — हळू, हळू बोला म्हटलं ना. मला ठाऊक आहे काय लिहिलंय. आमच्याकडे शेवट असा होतो: मुलगा वीस वर्षांनी परत येतो, भांडून गेलेला, नाव न सांगता खुर्चीत बसतो. म्हातारा हात ठेवतो. हात थांबतो. अंधार. संपलं. अडतीस वर्षं गावाने हाच शेवट बघितलाय आणि हाच आवडीने चघळलाय. ओळखलं की नाही ओळखलं? त्या मात्सुएच्या टोफूच्या दुकानात ह्यावरून हाणामाऱ्या व्हायच्या बाकी होत्या. एकदा शहरातून एक प्राध्यापक आले होते, गोल चष्मा — खाली स्टेजवर उभे राहून अर्धा तास बोलले, की हा थांबलेला हात म्हणजेच माणसाचं आयुष्य, उत्तर नाही, नुसता प्रश्न, काय धाडस त्या दिग्दर्शकाचं! टाळ्या पडल्या. मी इथे ह्या भोकातून बघत होतो. मला म्हणावंसं वाटत होतं — अहो गुरुजी, दिग्दर्शक कसला, ते माझ्या कात्रीचं काम आहे.

बोललो. घ्या. बोलून गेलो.

लिहू नका ते. पेन खाली ठेवा आधी. ठेवा म्हणतो ना! ... माफ करा. ओरडायचं नव्हतं मला. खाली रेडिओ चालू आहे ना तिचा? ऐकू येतोय ना? चालू आहे. मग ठीक.

कसला वास? व्हिनेगरचा? तो माझा डबा असेल हो, सातोए मुळ्याचं लोणचं देते रोज, ते — असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही ह्याच धंद्यातल्या. सडायला लागलेल्या पट्टीचा वास आणि मुळ्याचा वास, तुम्हाला काय सांगायचं नि काय लपवायचं. मलाही कळतोय तो, गेली दोन वर्षं. आधी म्हटलं भास असेल. ह्या पावसाळ्यात तर वर पाय टाकला की नाकात शिरायला लागला. तो तिथे, मशीनच्या दिव्यात जळतात त्या कार्बनच्या कांड्यांच्या खोक्यामागे, नोरीचा, वाळवलेल्या शेवाळाचा, पत्र्याचा डबा. हात लावू नका. मी काढेन. काढेन की नाही ते — ते मला अजून ठरवू द्या.

चार मीटर आहे त्यात. नऊ सेकंद. दोनशे सोळा चौकटी. मोजल्यात मी, पुन्हा पुन्हा मोजल्यात.

काय आहे म्हणून विचारत नाही तुम्ही? पटकथेत आहे: हात थांबतो. म्हातारा मान वर करून आरशात बघतो. आरशात रस्ता. रस्त्यावरून कुणीतरी जातं. आणि कात्रीचा आवाज पुन्हा सुरू होतो. बस. ‘कुणीतरी जातं’ एवढंच लिहिलंय ना? कोण ते लिहिलेलं नाही. कारण ते ठरलेलंच नव्हतं. सायकलवाला जाणार होता. मी त्या दिवशी शूटिंगवाल्यांचा दिवा धरून उभा होतो, कॅमेऱ्याच्या मागे — थिएटरची शिडी, दिवे, सगळं आमचंच नेलं होतं त्यांनी. आणि सायकलवाल्याच्या आधी आमची चिहो आली. साडेचार वर्षांची. आईचा हात सोडून पळत आली, निळा कोट, ऑगस्टमध्ये कोट! नवीन होता ना, काढायलाच तयार नव्हती. काचेपाशी आली, मला बघितलं कॅमेऱ्यामागे, आणि असा हात हलवला. पळाली. मला वाटलं, आता बसतात शिव्या. दिग्दर्शक म्हणाला, ‘राहू द्या.’ सायकलवाला बिचारा तासभर तसाच उभा होता कोपऱ्यावर.

फेब्रुवारीत गेली. न्यूमोनिया. तीन दिवस.

नाही नाही, तसं तोंड करू नका, मला सहन नाही होत ते. अडतीस वर्षं झाली. ऐका पुढचं, आता सांगतोच आहे तर. पिच्चर ऑक्टोबरपासून लागलेलाच होता, गावाचा पिच्चर, उतरवायचं नाव नाही, लोक आठव्यांदा नवव्यांदा येतायत. मयतानंतर सातोए यायला लागली. प्रत्येक खेळाला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पहिली पाच रिळं बाहेर बाकावर बसायची, सहावं लागलं की आत. नऊ सेकंद बघायची आणि दिवे लागायच्या आत निघून जायची. जेवण नाही, केस विंचरणं नाही. सासूबाई म्हणाल्या, एकोणपन्नास दिवस होऊ द्या, मग जीव सुटतो, जाणारं जातं, राहणारं उठतं. एकोणपन्नास झाले. भटजी येऊन गेले. पन्नासाव्या दिवशी सकाळच्या खेळाला ती बाकावर हजर. म्हणून कापलं. तिच्यासाठी कापलं. खाली जाऊन सांगितलं, पट्टी अडकली गं मशीनमध्ये, जळली. ती म्हणाली, ‘अहो, सगळीच?’ मी म्हटलं, ‘सगळीच.’ ऑपरेटरची बायको ती! अडकली तर एक चौकट जळते, दोन जळतात — चार मीटर कधी जळतात का? तिला कळायला नको? पण तिने तोंड मिटलं ते मिटलंच. दुसऱ्या दिवशी तिकिटाच्या खिडकीत जाऊन बसली. तेव्हापासून आत पाऊल नाही. ओबोनला सगळं गाव आत, ही एकटी बाहेर.

तर असं आहे. बायकोचा जीव वाचवायला केलं. चांगलंच केलं की नाही? तुम्हीच सांगा. बोला ना काहीतरी.

तिच्यासाठी. हं.

रेडिओ बंद झाला का? नाही, बातम्या लागल्यात.

पोरी, तू माझ्या नातीच्या वयाची. नात असती तर. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुला का सांगतोय देव जाणे, तू तीनला जाणार म्हणून असेल. तो तिसरा दिवस रविवार होता. दोनचा खेळ, हाउसफुल, दोनशे माणूस. सकाळी ताप उतरल्यासारखा वाटला, म्हणून आलो कामावर. पाचवं रीळ चालू होतं आणि मात्सुए धावत वर आली, टोफूवाली, ओले हात तसेच. जिन्यातच रडत होती. म्हणाली, ‘चला. गेली.’ आणि मी तिथे उभा होतो, जिथे तू बसलीस ना, तिथे, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तो ठिपका आला — रीळ बदलायचा. हात आपोआप गेला माझा. दुसरं मशीन सुरू केलं. सहावं रीळ. अठरा मिनिटांचं. मात्सुए बघतच राहिली माझ्याकडे. मी म्हटलं, ‘तुम्ही व्हा पुढे.’

सातोएला सांगितलं, मात्सुए उशिरा पोचली, खेळ सुटल्यावर. मात्सुए कधी बोलली नाही. तीही गेली आता.

का थांबलो म्हणून विचार. मी स्वतःला सांगत आलो — दोनशे माणूस बसलंय, दुसरा ऑपरेटर नाही, कार्बन क्षणभर सोडला तर पडदा काळा. सगळं खरंच आहे. कुणी माझ्याकडे बोट दाखवणार नाही. पण त्यासाठी नाही थांबलो मी. मला ठाऊक होतं सहाव्या रिळात शेवटी काय आहे. घरी गेलो तर गादीवर ती असणार होती — तशी. आणि इथे आणखी अठरा मिनिटांनी ती पळत येणार होती, निळा कोट, हात हलवत. मला ती बघायची होती. तिची आई तिकडे एकटी बसली होती मांडीवर घेऊन, आणि मी इथे वाट बघत होतो तिच्या येण्याची. आली. हात हलवला. माझ्याकडेच बघून. मग दिवे लावले आणि घरी गेलो.

मग रोज, प्रत्येक खेळाला, तेच. सातोए खाली तिला बघायची आणि मी इथून स्वतःला बघायचो, थांबलेला. पन्नास दिवस काढले. नाही निघाले पुढे. म्हणून कात्री. कळलं? सातोएचं नाव पुढे केलं. तिला पोरगी रोज तीनदा भेटत होती, तेवढीच काय ती उरली होती तिच्याकडे, आणि ती मी काढून घेऊन नोरीच्या डब्यात घातली. माझी लाज झाकायला.

नको, पाणी नको.

मशीनमधून आता ते जाणार नाही, ना? मला ठाऊक आहे. आकसलंय, दात्यांवर चढताच फाटेल. दिव्यावर धरून बघता येईल, हाताने, एक एक चौकट. किती दिवस काढेल अजून? एक उन्हाळा? ... तोही सांगता येत नाही. रंग तर गेलाच असणार, रिळांत बघितलंत ना, सगळं गुलाबी. म्हणजे कोटही. आणि तुमच्याकडे दिलं तर राहील. जोडाल शेवटी. ओबोनला नवी प्रत आणाल, हात थांबेल आणि मग कात्री पुन्हा चालू लागेल, अख्खं गाव बघेल. ओळखलं की नाही ते म्हातारा तरीही सांगत नाही, ठाऊक आहे? नुसता कापायला लागतो. मुलाचे केस. आणि मी तो हात अडतीस वर्षं थांबवून ठेवला.

पण सातोए ते पहिल्यांदा गावाबरोबर बघणार? लोकांच्या तोंडून ऐकणार, की अगं सातोए, तुझी चिहो होती की त्यात? आणि नवरा जळाली म्हणाला होता? नाही. असं नाही.

थांबा. डबा काढतो. ... झाकण घट्ट बसलंय. द्या ते हत्यार, ते नाही, ते स्क्रू उघडायचं. हां. — उफ्. डोळ्यांत गेला वास. आहे. चिकटलेली नाही. अजून सुटतेय. हे बघ — नाही, नाही, तुम्ही नका बघू. पाठ करा तिकडे. रागावू नका, तुम्हाला नंतर देणारच आहे, सही करून देणार आहे, कागद तयार ठेवा. पण पहिली नजर तुमची नाही.

सातोए! ... अगं सातोए, रेडिओ बंद कर तो! वर ये. हो, आत्ता. चष्मा घेऊन ये. — नाही, काही झालेलं नाही. ये तर.

तुम्ही उठा. खिडकीत जाऊन बसा थोडा वेळ, कुणी आलं तर सांगा आज खेळ नाही. जिन्यात ती भेटेल, तिला काही बोलू नका, नुसतं वाकून बाजूला व्हा. हळू चढते ती, गुडघे दुखतात. गाडीला थांबायला सांगा. किती वेळ ते मला विचारू नका. जा. आणि दार ओढून घ्या.